स्थानिक पोलीस आणि आईस: सहकार्याच्या नोंदी कशा मागवायच्या?

मेथीकूट

मिडलसेक्स काउंटीतले (न्यू जर्सी) आम्ही काहीजण मिळून एक काम हाती घेतोय. टाउनशिपचे पोलीस आणि काउंटी जेल आईसला, म्हणजे इमिग्रेशन अँड कस्टम्स एन्फोर्समेंटला, नेमकी कोणती मदत करतात ते कागदपत्रांवरून पाहायचं. व्हॉट्सॲपवर "इथे धरले, तिथे उचलले" असे निरोप फिरतात, त्यातलं खरं किती हे कुणालाच सांगता येत नाही.

अर्ज टाउनशिपला करायचा, काउंटीला की थेट आईसला? मागायचं नेमकं काय? आणि अर्जदार एच-१बी किंवा ग्रीन कार्डवर असेल तर चालतं का? इतर राज्यांतल्यांनीही लिहा, म्हणजे धागा सगळ्यांच्या कामाचा होईल.

खडूफळा

मेथीकूट, आधी डोक्यातून भारतातला माहिती अधिकार बाजूला काढून ठेवा. तिथे केंद्रापासून ग्रामपंचायतीपर्यंत २००५ चा एकच कायदा, १० रुपये, ३० दिवस. इथे फोया हा १९६६ चा कायदा फक्त केंद्रीय खात्यांना लागू. टाउनशिप, काउंटी, राज्य यांच्यासाठी प्रत्येक राज्याचा स्वतःचा कायदा: न्यू जर्सीत ओप्रा, न्यू यॉर्कमध्ये फॉइल, कॅलिफोर्नियात पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्ट. मुदती वेगळ्या, अपिलाच्या वाटा वेगळ्या. पोलीस ठाण्याकडे फोयाखाली अर्ज केला तर एखादा समजूतदार क्लर्क तो ओप्रात बसवून घेतो, दुसरा "हा कायदा आम्हाला लागू नाही" म्हणून परत करतो. चूक दुसऱ्याचीही नसते.

आता कागद कुणाकडे असतो ते. पोलीस अटक करतात, बोटांचे ठसे घेतात. ठसे राज्यामार्फत एफबीआयकडे जातात आणि एफबीआय ते होमलँड सिक्युरिटीच्या, म्हणजे आईस ज्या खात्यात येते त्याच्या, नोंदींशी ताडून पाहायला आपोआप पुढे पाठवते. इथे स्थानिक पोलिसांच्या हातात काही नसतं, म्हणून "तुम्ही ठसे आईसला दिलेत का?" हा प्रश्न वायाच जातो. नोंद जुळली की आईस डिटेनर धाडते. तो फॉर्म आय-२४७ए. त्यात दोन विनंत्या असतात: सोडण्याआधी आम्हाला कळवा, आणि सुटकेची वेळ झाल्यावरही ४८ तासांपर्यंत धरून ठेवा. फॉर्म जातो जिथे माणूस कोठडीत आहे तिथे, म्हणजे बहुतेक वेळा काउंटी जेलला. टाउनशिपकडे डिटेनर मागितले की "अशी नोंद नाही" हे उत्तर येतं आणि ते खरंच असतं. पण लोक तिथेच थांबतात आणि "आपल्या गावात असलं काही नाही" असा निष्कर्ष काढून मोकळे होतात.

म्हणून वाटणी अशी करा. डिटेनर, त्यांचं रजिस्टर, सुटकेची वेळ कळवल्याच्या नोंदी, जेलमधल्या मुलाखती हे सगळं काउंटीकडे. धोरण, ईमेल, डिस्पॅचच्या नोंदी (कोणत्या कामावर पोलीस पाठवले त्या), नंबरप्लेट कॅमेऱ्यांचे लॉग, ओव्हरटाइम हे टाउनशिपकडे. आईसला फोया सगळ्यात शेवटी, कारण तिथली रांग मोठी. शिवाय काउंटीतही जेल शेरीफकडे आहे की वेगळ्या करेक्शन्स (तुरुंग) विभागाकडे, हे आधी पाहून घ्या. न्यू जर्सीत दोन्ही प्रकार आहेत.

तिसरीघंटा

खडूफळा यांना अनुमोदन. त्यात भर: अर्ज करण्याआधी जे आधीच बाहेर आहे ते उतरवून घ्या, नाहीतर सात दिवस थांबून तेच हातात येईल.

२८७(जी) करार, म्हणजे स्थानिक पोलिसांना इमिग्रेशनचे काही अधिकार देणारे करार, कुणाकुणाशी झाले त्याची यादी आईसच्या संकेतस्थळावर असते आणि बऱ्याच करारांची प्रतही तिथेच मिळते. कलम १९९६ चं आहे. आज तीन प्रकार दिसतात: जेलमध्ये चौकशी करणारं मॉडेल, फक्त वॉरंट बजावणारं मॉडेल (२०१९ पासून) आणि रस्त्यावर काम करणारं टास्क फोर्स मॉडेल. शेवटचं २०१२ मध्ये बंद केलं होतं, २०२५ मध्ये पुन्हा सुरू झालं. यादीत प्रकार लिहिलेला असतो, तो नक्की पाहा, कारण तिन्हींत पोलीस काय करू शकतात यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दुसरं, बर्कलीचा डिपोर्टेशन डेटा प्रोजेक्ट. आईसकडून फोयाखाली मिळवलेला अटका, डिटेनर आणि कोठडीचा डेटा ते नावं वगळून, एकेका नोंदीच्या पातळीवर खुला ठेवतात. डिटेनरच्या फाइलमध्ये तो कोणत्या तुरुंगाला पाठवला ते असतं. तुमच्या काउंटी जेलचं नाव त्यात शोधा. आईस म्हणते अमुक इतके पाठवले आणि जेल म्हणते त्याहून कमी आले, तर पुढच्या अर्जाला मुद्दा मिळाला.

तिसरं, स्कॅप. परदेशी नागरिकत्वाच्या कैद्यांवरच्या पगारखर्चाचा काही भाग केंद्राच्या न्याय खात्याकडून काउंटीला परत मिळतो तो कार्यक्रम. मंजूर रकमा जाहीर असतात. पैसे मागण्यासाठी काउंटीला कैद्यांची यादी पाठवावी लागते. म्हणजे एकीकडे "आम्ही इमिग्रेशनची कसलीही नोंद ठेवत नाही" असं म्हणणारी काउंटी दुसरीकडे यादी पाठवत असेल, तर तो अर्ज मागवता येतो, नावं झाकून का होईना.

बेएरियाकर

कॅलिफोर्नियात वकिलाशिवाय निम्मं काम होतं, कारण कायदेमंडळानेच बरंच लिहून ठेवलंय.

इथे ट्रूथ ॲक्ट (२०१६ चा, २०१७ पासून लागू) आहे. त्यात स्पष्ट म्हटलंय की आईसला कोठडीतल्या माणसांपर्यंत पोचू देण्यासंबंधीच्या नोंदी सार्वजनिक आहेत: किती जणांबाबत, कोणत्या तारखांना, कोणत्या मार्गाने. गव्हर्नमेंट कोड ७२८३.१. अर्जात हा क्रमांक घाला. नुसतं "आईसबद्दलची कागदपत्रं" म्हटलं तर तपासाचं कारण देऊन अडवतात. ७२८३.१ लिहिलं की तो रस्ता अरुंद होतो. शिवाय ज्या काउंटीने वा शहराने गेल्या वर्षी आईसला अशी मुभा दिली असेल, तिथल्या बोर्डाने वर्षातून एकदा जाहीर सभा घ्यायची असते आणि तिची सूचना ३० दिवस आधी द्यायची असते. त्या सभेत शेरीफने ठेवलेले आकडे हा सगळ्यात सोपा कागद. बोर्डाच्या कार्यक्रमपत्रिकेला जोडलेला सापडतो, अर्जसुद्धा लागत नाही.

जेलमध्ये आईसच्या मुलाखतीआधी कैद्याची लेखी संमती घ्यायची असते. किती फॉर्म दिले, किती जणांनी नकार दिला, हे मागा. (अवांतर: तो फॉर्म कायद्याने इंग्रजी, स्पॅनिश, चिनी, टागालोग, व्हिएतनामी आणि कोरियनमध्ये द्यायचा असतो. भारतीय भाषा एकही नाही.)

मग एसबी ५४, २०१८ पासून लागू. निव्वळ डिटेनरवर धरून ठेवायला बंदी, पण सुटकेची वेळ कळवण्याला पळवाटा आहेत. गंभीर गुन्ह्यांची यादी ही एक. दुसरी जास्त चतुर: जी माहिती जनतेला खुली आहे ती आईसलाही देता येते. ऑरेंज काउंटीच्या शेरीफने मार्च २०१८ मध्ये सुटकेच्या तारखा संकेतस्थळावरच टाकायला सुरुवात केली ती यामुळेच. त्यामुळे "किती डिटेनर पाळले?" याचं उत्तर शून्य येऊ शकतं आणि तरी आईसची गाडी जेलच्या दाराशी उभी असते. विचारायचं ते असं: डिटेनर आलेल्या व्यक्तींपैकी किती जणांना सुटकेच्या वेळी आईसने ताब्यात घेतलं, कुठे, जेलच्या सुरक्षित भागात की बाहेर. सुरक्षित भागात घेतलं असेल तर ते हस्तांतर ठरतं आणि हस्तांतराची संख्या राज्याच्या न्याय खात्याला कळवावी लागते. तो अहवालही मागवा.

मुदत: १० दिवसांत "देणार की नाही" हे सांगायचं, विशेष कारण असेल तर आणखी १४. हे दिवस कळवण्याचे असतात, कागद हातात द्यायचे नाहीत, यात अनेकांची फसगत होते. पत्रात "कागद कोणत्या तारखेपासून मिळतील" हे सांगणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, ते धरून ठेवा. खर्च फक्त प्रत काढण्याचा. मजकूर झाकायला लागलेल्या वेळाचे पैसे लावता येत नाहीत, हा हेवर्ड शहराविरुद्धचा २०२० चा राज्य सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. बॉडीकॅमच्या फुटेजसाठी हजारोंचं बिल आलं होतं, त्यावरूनच तो खटला झाला.

जुनी अर्ज-पत्रं नक्कल करताना कलमं तपासा. २०२३ पासून कायद्याचे क्रमांक बदलले, ६२५० च्या जागी ७९२०.००० पासून सुरुवात होते.

मेथीकूट

बाप रे, केवढी माहिती! धन्यवाद सगळ्यांना. न्यू जर्सीत असा काही कायदा आहे का, की फक्त ॲटर्नी जनरलचा आदेश?

खडूफळा

तुमच्या कामाला आदेश पुरतो. इमिग्रंट ट्रस्ट डायरेक्टिव्ह, क्रमांक २०१८-६, नोव्हेंबर २०१८ मध्ये तेव्हाचे ॲटर्नी जनरल गुरबीर ग्रेवाल यांनी काढला, मार्च २०१९ पासून अमलात. सप्टेंबर २०१९ च्या दुरुस्तीने २८७(जी) करारांना बंदी आली. दोन काउंट्या त्याविरुद्ध कोर्टात गेल्या, पण २०२१ मध्ये तिसऱ्या सर्किटने (केंद्रीय अपील न्यायालयाने) आदेश कायम ठेवला.

त्यातल्या तीन तरतुदींतून कागद तयार होतो, आणि मागायचा तो हाच. पहिली, आईसला दिलेल्या मदतीचा वार्षिक अहवाल. ज्या गोष्टींना आदेशात अपवाद म्हणून मुभा आहे, त्या वापरल्या तर पोलिसांनी त्याची नोंद वर कळवायची. तुमच्या टाउनशिपने पाठवलेला अहवाल थेट टाउनशिपकडेच मागा. दुसरी, कैद्याला द्यायची सूचना. आईसने मुलाखत, सुटकेची वेळ वा धरून ठेवण्याची विनंती केली तर कैद्याला ते कळवावं लागतं. त्या सूचनांच्या प्रती, नाव झाकून. तिसरी, धरून ठेवण्याचा अपवाद. हिंसक किंवा गंभीर गुन्ह्याचा आरोप वा शिक्षा असेल किंवा केंद्रीय न्यायाधीशाने सही केलेला हद्दपारीचा अंतिम आदेश असेल, तर त्याच दिवशी रात्री ११:५९ पर्यंतच धरता येतं. म्हणून डिटेनरच्या रजिस्टरबरोबर सुटकेची ठरलेली वेळ आणि प्रत्यक्ष बाहेर पडल्याची वेळ, दोन्ही रकाने मागा. एकच वेळ आली तर काहीच ताडता येत नाही.

अर्ज टाउनशिप क्लर्कच्या अधिकृत ओप्रा फॉर्मवर करा. पुष्कळ ठिकाणी पोलिसांसाठी वेगळा कस्टोडियन (नोंदी देणारा अधिकारी) नेमलेला असतो, त्याच्याकडे गेला नाही तर दिवस मोजायला सुरुवात होण्यावरूनच वाद होतो. मुदत ७ कामकाजी दिवस. उत्तर आलंच नाही तर तो नकार मानला जातो. करार, बिलं, व्हाउचर, पगार आणि ओव्हरटाइम या नोंदी साधारणपणे लगेच पाहायला मिळायला हव्यात, म्हणून त्यांचा अर्ज वेगळा करा, नाहीतर सोप्या कागदालाही अवघड कागदाची मुदत लागते. कागदी प्रत ५ सेंट, लीगल आकाराची ७, ईमेलने फुकट.

ईमेलचा अर्ज सगळ्यात जास्त फेटाळला जातो. २०२४ च्या दुरुस्तीनंतर तर कोणाचं खातं किंवा कोणतं पद, कोणता मर्यादित विषय आणि कोणता काळ, तिन्ही लिहिल्याशिवाय बात नको. त्याच दुरुस्तीने आणखी एक घाव घातला: पूर्वी खटला जिंकला की वकिलाची फी सरकारकडून हमखास मिळायची, आता नकार अवाजवी होता, वाईट हेतूने होता किंवा जाणूनबुजून कायदा मोडला, असं काहीतरी दाखवावं लागतं. त्यामुळे वकील केस घ्यायला पूर्वीइतके उत्सुक नाहीत. म्हणून अर्ज असा लिहायचा की नकार अवाजवी दिसावा.

नकारानंतर दोन वाटा: सुपीरियर कोर्ट, ४५ दिवसांच्या आत, किंवा गव्हर्नमेंट रेकॉर्ड्स काउन्सिल, म्हणजे अशा तक्रारी ऐकणारी राज्याची संस्था. काउन्सिल फुकट आहे पण निकालाला फार काळ लागतो. कोर्ट महाग पण लवकर.

अर्जात "ओप्रा आणि कॉमन लॉ (न्यायालयांच्या निकालांतून घडलेला कायदा), दोन्हींखाली" असं लिहायला विसरू नका. तपासाची नोंद म्हणून ओप्रातून सुटलेला कागदही कॉमन लॉखाली न्यायाधीश तोलून पाहू शकतो. चार शब्दांचं काम, पण पुढे उपयोगी पडतं.

लोणीकंद

टेक्सासचं चित्र उलटं आहे, तेही नोंदवतो. २०१७ च्या एसबी ४ ने डिटेनर पाळणं सक्तीचं केलं आणि २०२५ च्या एसबी ८ ने जेल चालवणाऱ्या शेरीफांना २८७(जी) करार मागणं भाग पाडलं. त्यामुळे इथे "सहकार्य करता का?" हा प्रश्नच नाही. किती अधिकारी दिले, किती तास, किती पैसा, एवढंच शोधायचं. ऑक्टोबर २०२५ पासून केंद्र सरकार २८७(जी) अधिकाऱ्यांचे पगार-भत्ते भरून द्यायला लागलं आहे, तेव्हा परताव्याची बिलं आणि कमिशनर्स कोर्टाचे (काउंटीच्या कारभारी मंडळाचे) ठराव मागा. पैशाचा कागद तपासाच्या नावाखाली लपवणं कठीण असतं.

इथली पद्धत मात्र अर्जदाराला बरी आहे. खात्याला कागद दडवायचा असेल तर १० कामकाजी दिवसांत ॲटर्नी जनरलकडे परवानगी मागावी लागते. मागितली नाही तर कागद सार्वजनिकच आहे असं गृहीत धरलं जातं. परवानगी मागितल्याची प्रत तुम्हाला येते, त्यावर तुम्हीही आपलं म्हणणं ॲटर्नी जनरलला पाठवू शकता. बहुतेक लोक पाठवत नाहीत. पाठवा, एक पान पुरतं. निर्णयाला ४५ कामकाजी दिवस.

दोन सापळे. अर्ज खात्याने जाहीर केलेल्या पत्त्यावर किंवा पोर्टलवरच गेला पाहिजे, चीफला व्यक्तिगत ईमेल केलं तर दिवस मोजायला सुरुवातच होत नाही. आणि खर्च ४० डॉलरच्या वर जाणार असेल तर अंदाजपत्रक येतं. त्याला १० कामकाजी दिवसांत उत्तर दिलं नाही तर अर्ज मागे घेतला असं धरतात. स्पॅम फोल्डर तपासत राहा. प्रत १० सेंट पान, ५० पानांपेक्षा जास्त असेल तर माणसाच्या वेळाचे तासाला १५ डॉलर. पन्नासच्या आतले तुकडे करून मागितलं की हे टळेल. मात्र एकाच दिवशी तुकडे केलेत तर ते एकत्र धरतात.

आडनावनाही

मला एक कळत नाही. आपण बहुतेक सगळे कायदेशीर आलेलो. एच-१बीवाल्याने पोलिसांकडे आईसबद्दल कागद मागणं म्हणजे उगाच नजरेत येणं नाही का? ज्यांचा प्रश्न आहे त्यांनी मागावं.

खडूफळा

आडनावनाही, पोलिसांनी थांबवल्यावर काय विचारायचं आणि काय नाही, हे धोरण गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला लागू होतं. कुणाचा व्हिसा कोणता हे आधी कुणाला माहीत नसतं. राहिला नजरेत येण्याचा मुद्दा, तो रास्त आहे, म्हणून सविस्तर.

अर्ज करायचा हक्क: केंद्राचा फोया "कोणतीही व्यक्ती" म्हणतो. भारतात कलम ३ प्रमाणे फक्त नागरिकाला हक्क, इथे उलट. कॅलिफोर्निया, टेक्सासमध्येही नागरिकत्व विचारत नाहीत. ओप्रात "राज्याचे नागरिक" असे शब्द आहेत, पण २०१८ मध्ये अपिली न्यायालयाने तो हक्क राज्याबाहेरच्यांनाही आहे असं ठरवलं. अपवाद व्हर्जिनियासारख्या राज्यांचा. तिथे कायदा राज्याच्या नागरिकांपुरता आणि २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते ग्राह्य धरलं. टेनेसी, अलाबामा, आर्कान्सातही तशीच भाषा आहे. तिथे अर्जावर सही त्या राज्यात राहणाऱ्या अमेरिकन नागरिकाची असलेली बरी.

नजरेत येणं: अर्ज स्वतःच सार्वजनिक नोंद आहे हे अनेकांना माहीत नसतं. नेक्स्टरिक्वेस्टसारखी पोर्टलं वापरणारी काही शहरं अर्जाचा मजकूर जसाच्या तसा सगळ्यांना दाखवतात. तेव्हा अर्जात व्हिसा, नोकरी, हेतू, घरचा पत्ता यांतलं काही लिहू नका. बहुतेक राज्यांत हेतू विचारायलाच बंदी किंवा मर्यादा आहे. वेगळा ईमेल काढा, ऑफिसचा तर अजिबात नको. न्यू जर्सीत निनावी अर्जही चालतो, पण पुढे तक्रार करायची तर नाव लागतंच. तुमच्या गटात नागरिक असतील तर त्यांनीच अर्ज करावा, साधा उपाय.

आणि एक गल्लत टाळा. स्वतःची इमिग्रेशन फाइल मागणं हे वेगळं काम, ते यूएससीआयएसकडे (इमिग्रेशनचे अर्ज हाताळणाऱ्या केंद्रीय खात्याकडे) ऑनलाइन होतं. त्याचा या अर्जांशी संबंध नाही.

पाटीपेन्सिल

नंबरप्लेट कॅमेऱ्यांवर कुणी लिहिलं नाही, म्हणून. माझ्या मते आजच्या घडीला सगळ्यात बोलका कागद हाच आहे, कारण डिटेनरला धोरण आडवं येतं, कॅमेऱ्याच्या शोधाला येत नाही.

फ्लॉक या कंपनीचे कॅमेरे असलेल्या गावात दोन वेगळे लॉग असतात. ऑर्गनायझेशन ऑडिट म्हणजे आपल्या पोलिसांनी केलेले शोध. नेटवर्क ऑडिट म्हणजे इतर खात्यांनी आपल्या कॅमेऱ्यांत केलेले शोध. लोक पहिलाच मागतात आणि समाधानाने बसतात. दुसऱ्यात दुसऱ्या राज्यातला पोलीस आपल्या चौकातल्या कॅमेऱ्यावर शोध घेताना दिसतो. मे २०२५ मध्ये ४०४ मीडिया या बातम्यांच्या संकेतस्थळाने अशाच लॉगवरून दाखवलं की स्थानिक पोलीस "कारण" या रकान्यात इमिग्रेशन, आईस असं लिहून देशभर शोध घेत होते. त्यानंतर इलिनॉयमध्ये राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटने चौकशी लावली, आणि ऑगस्टमध्ये कंपनीने केंद्रीय खात्यांबरोबरचे प्रायोगिक प्रकल्प थांबवत असल्याचं जाहीर केलं.

मागायचं असं: दोन्ही लॉग, ठरावीक तीन महिने, सीएसव्ही फाइलमध्ये, वेळ, खातं, कारण आणि केस क्रमांक या रकान्यांसह. नंबरप्लेटचा रकाना झाकला तरी हरकत नाही, हे स्वतःच लिहून टाका. गोपनीयतेचं सगळ्यात मोठं कारण तिथेच संपतं. पीडीएफ घेऊ नका, हजारो ओळी आडव्या तुटून येतात. "कारण" या रकान्यात नुसतं "तपास" लिहिलेलं असेल तर केस क्रमांक घेऊन डिस्पॅचची नोंद वेगळ्या अर्जाने मागा. तिथे "दुसऱ्या खात्याला मदत" असा प्रकार आणि कोणतं खातं हे असतं.

घाई करा. कॅमेऱ्यातल्या प्रतिमा साधारण ३० दिवसांत पुसल्या जातात, आणि काही शहरांत ईमेलही ठरावीक काळाने आपोआप जातात. अर्जाच्या पहिल्याच ओळीत "निर्णय होईपर्यंत या नोंदी नष्ट करू नयेत" असं लिहा.

कॅलिफोर्नियात २०१५ च्या एसबी ३४ मुळे हा डेटा राज्याबाहेरच्या वा केंद्रीय खात्याला देता येत नाही, असं तिथल्या ॲटर्नी जनरलने २०२३ मध्ये कळवलेलं आहे. नेटवर्क ऑडिटमध्ये बाहेरच्या राज्याचं खातं दिसलं तर तो नुसता कागद नाही, उल्लंघनाचा पुरावा आहे.

तिसरीघंटा

पाटीपेन्सिल, +१. त्याला जोड म्हणून ईमेलच्या अर्जाची भाषा. "आईसशी झालेला सर्व पत्रव्यवहार" हे वाक्य पहिल्या फेरीतच मरतं. खाती तीन-चारच घ्या: चीफ, डिटेक्टिव्ह विभागाचा कॅप्टन, रेकॉर्ड्सचा सुपरवायझर, जेल असेल तर रिलीज डेस्कचा सामाईक मेलबॉक्स. हा शेवटचा विसरू नका. सुटकेची वेळ कळवणारे ईमेल चीफच्या खात्यातून जात नाहीत, रात्रपाळीच्या डेस्कवरून जातात. पाठवणारा वा घेणारा आईस डॉट डीएचएस डॉट गव्ह या डोमेनचा, काळ ९० दिवस. शब्द शोधायचे तर डिटेनर, २४७, ईआरओ (आईसचा अटक-हद्दपारी विभाग), पिकअप, रिलीज टाइम. "इमिग्रेशन" हा शब्द एकटा देऊ नका, शहराला येणाऱ्या बातमीपत्रांनी पेटी भरून जाते आणि मग "१४ हजार ईमेल सापडले, खर्च भरा" असं उत्तर येतं.

आणखी एक कमी माहीत असलेला कागद: व्हरमाँटमधल्या विलिस्टनला आईसचं लॉ एन्फोर्समेंट सपोर्ट सेंटर आहे. रस्त्यावरचा पोलीस टर्मिनलवरून एखाद्याचं नाव-जन्मतारीख पाठवून इमिग्रेशनची चौकशी करू शकतो. या चौकशांची संख्या, महिनावार, एवढंच मागा. मजकूर मागितला तर नाही म्हणतील, संख्या नाकारायला कारण सापडत नाही.

मेथीकूट

काउंटीकडून नकार आला तर कोणती कारणं येतात? आधीच उत्तर तयार ठेवता येईल.

खडूफळा

सगळ्यात वजनदार कारण म्हणजे केंद्राचा नियम ८ सीएफआर २३६.६. आईसच्या वतीने कोठडीत ठेवलेल्यांची नावं वा माहिती राज्याने वा काउंटीने उघड करू नये, ती केंद्राच्या ताब्यातली मानावी आणि फोयाखाली मागावी, असा तो नियम. २००२ मध्ये हडसन काउंटीच्या खटल्यात न्यू जर्सीच्याच अपिली न्यायालयाने तो मानला, त्यामुळे इथे तो हमखास पुढे येतो. पण तो कोठडीतल्या व्यक्तींच्या माहितीबद्दल आहे. काउंटीचं धोरण, करार, बिलं, महिनावार संख्या यांत कुठल्याही कैद्याची माहिती नसते. आणि डिटेनर आला म्हणून माणूस लगेच आईसचा कैदी होत नाही, तो स्थानिक आरोपावर आत असतो. म्हणून अर्जातच नाव, जन्मतारीख, ए-नंबर (इमिग्रेशन फाइलचा क्रमांक) वगळून द्या असं लिहायचं, आणि तरीही पूर्ण नकार आला तर "अंशतः प्रत का देता येत नाही ते परिच्छेदवार सांगा" असं एक पत्र.

२८७(जी) करार असलेल्या ठिकाणी करारातलंच कलम दाखवतात, माहिती आईसच्या नियंत्रणात आहे म्हणून. खुद्द करार मात्र आईसच प्रसिद्ध करते, तेव्हा तो तरी नाकारता येत नाही.

दुसरं कारण: "नोंद आहे की नाही हे सांगणार नाही." एखाद्या विशिष्ट व्यक्तीबद्दल मागितलं तर असं उत्तर न्यू जर्सीत २०१६ पासून आणि न्यू यॉर्कमध्ये २०१८ पासून न्यायालयांनी मान्य केलं आहे. म्हणून व्यक्तीचं नाव घालून अर्ज करूच नका.

तिसरं, "हे संशोधन आहे, नोंद नाही." किती, का, कोणी असे प्रश्न विचारले की हे येतं आणि ते बरोबरच असतं. "२०२५ मध्ये किती डिटेनर पाळले?" असं विचारायचं नाही, "१ जानेवारी ते ३० जून २०२५ या काळातलं डिटेनर रजिस्टर" असं मागायचं. रजिस्टरचं तिथलं नाव माहीत नसेल तर पहिला अर्ज फक्त जेलच्या डिटेनरविषयक कार्यपद्धतीचा करा. त्यात कोणता फॉर्म भरायचा, कुठे नोंदवायचा, कोणाला कळवायचं हे लिहिलेलं असतं. दुसरा अर्ज त्या नावांनी.

बेएरियाकर

हेच मीही लिहिणार होतो. दोन टप्पे. पहिल्यात कार्यपद्धती आणि नोंदी किती काळ ठेवायच्या त्याचं वेळापत्रक, दुसऱ्यात नावानिशी कागद.

कागद आल्यावर डिटेनरच्या प्रतींमध्ये एक गोष्ट आधी बघा: सोबत आय-२०० किंवा आय-२०५ आहे का. एप्रिल २०१७ पासून डिटेनरबरोबर यातलं एक वॉरंट जोडावंच लागतं. दोन्हींवर आईसच्या अधिकाऱ्याची सही असते, न्यायाधीशाची नाही. काही जेलच्या रजिस्टरमध्ये तरीही "वॉरंट आहे" असा शेरा मारलेला असतो आणि वाचणाऱ्याला ते कोर्टाचं वाटतं. रजिस्टरबरोबर जोडपत्रं मागितली नसतील तर हा फरक कधीच दिसत नाही.

लोणीकंद

न्यू यॉर्क, इलिनॉयवाले कुणी वाचत असतील तर थोडक्यात: फॉइलमध्ये ५ कामकाजी दिवसांत पोच, नकारावर ३० दिवसांत खात्यातच अपील, मग आर्टिकल ७८ खाली कोर्टात दाद. अपील न करता कोर्टात गेलं तर केस दारातूनच परत येते. इलिनॉयमध्ये ५ कामकाजी दिवस, पहिली ५० पानं फुकट, नकारावर ६० दिवसांत ॲटर्नी जनरलच्या पब्लिक ॲक्सेस काउन्सेलरकडे. तिथे ट्रस्ट ॲक्टखाली पोलीस खात्यांना दरवर्षी ॲटर्नी जनरलला अहवाल द्यावा लागतो, अर्जाची सुरुवात तिथूनच करा.

मेथीकूट

मग आमचा क्रम असा ठरतोय: टाउनशिपला धोरण, वार्षिक अहवाल आणि ओव्हरटाइम. काउंटी जेलला डिटेनरची कार्यपद्धती. कॅमेऱ्यांचे दोन्ही लॉग वेगवेगळ्या अर्जांनी. चारही एकाच दिवशी टाकले तर चालेल ना?

खडूफळा

चालेल. ओव्हरटाइम मात्र धोरणाच्या अर्जातून वेगळा काढा, म्हणजे पाच होतील. आणि कॅमेऱ्यांच्या लॉगमध्ये वेळ कोणत्या टाइमझोनमध्ये नोंदवली आहे ते अर्जातच विचारून घ्या. डिस्पॅचची नोंद स्थानिक वेळेत आणि लॉग यूटीसीत असेल, तर जुळणाऱ्या नोंदीही जुळत नाहीत.